दोन्ही पाय नसताना अल्पाइन स्कीइंगची सुवर्णपदके मिळतात, ती वेळेच्या सवलतीमुळे का?

दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेली व्यक्ती अल्पाइन स्कीइंगची (बर्फाळ उतारावरून स्कीवर वेगाने खाली येण्याची) शर्यत कशी जिंकते आणि त्यात वेळेच्या सवलतीचा वाटा किती, असे आपण विचारले आहे. कृत्रिम पाय बसवणे हा माझा व्यवसाय असल्याने कॅनडाच्या लॉरेन वुल्सटनक्रॉफ्ट यांच्या कारकिर्दीविषयी मला विशेष आदर आहे. उत्तर त्यांच्याच आधारे देतो.

१९८१ साली जन्मलेल्या लॉरेन यांना जन्मतःच दोन्ही पाय गुडघ्याखाली आणि डावा हात कोपराखाली नाही. चौथ्या वर्षी त्या स्की करू लागल्या आणि चौदाव्या वर्षी शर्यतींत उतरल्या. वळण घेताना इतर स्कीपटू घोटा वाकवून नडगी बुटाच्या पुढच्या बाजूवर दाबतात आणि त्या दाबाने स्कीची कड बर्फात रुतवतात. घोटाच नसेल, तर हे काम गुडघे, मांड्या आणि कंबर यांच्यावर येते, आणि पायाखालचा बर्फ कडक आहे की भुसभुशीत, हे सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या पोकळ खोबणीत, बसलेल्या खुंटाला (पायाच्या उरलेल्या भागाला) जाणवणाऱ्या दाबावरूनच ओळखावे लागते. सॉकेट किंचित सैल असले तरी गुडघ्याची हालचाल स्कीपर्यंत उशिरा पोहोचते. फार घट्ट असले तर कातडी सोलवटते. कृत्रिम पायाचा पुढे झुकण्याचा कोनही आधीच ठरवून बसवावा लागतो, कारण उतारावर तो बदलता येत नाही. (आपल्याकडच्या जयपूर फूटचा गुण याच्या उलट आहे, उकिडवे बसता यावे म्हणून तो लवचिक ठेवलेला असतो.)

आता सवलतीविषयी. प्रत्यक्ष वेळेला अपंगत्वाच्या वर्गानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून निकाल लावतात. गुणक संपूर्ण वर्गासाठी असतो, एखाद्या व्यक्तीसाठी नाही, त्यामुळे आपल्याच वर्गातील इतरांपेक्षा वेगाने उतरण्यास त्याची काहीही मदत होत नाही. बर्फ आणि उतार बदलला की कोणते अपंगत्व अधिक आड येते हेही बदलते, म्हणून ही पद्धत पूर्ण न्याय्य आहे असे मी म्हणणार नाही. परंतु लॉरेन यांचे यश केवळ या पद्धतीवर उभे नाही. २००२ च्या सॉल्ट लेक पॅरालिम्पिकमध्ये पदके अनेक लहान वर्गांत विभागलेली होती आणि तेथे त्यांनी दोन सुवर्ण व एक कांस्य मिळवले. २००६ मध्ये तुरिन येथे हे वर्ग उभे राहून, बसून आणि दृष्टिबाधित अशा तीनच गटांत एकत्र केले गेले, म्हणजे दोन्ही पाय शाबूत असलेल्या खेळाडूही त्यांच्याच गटात आल्या. तरीही त्यांना एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळाले. पुढे मार्च २०१० मध्ये व्हँकुव्हर पॅरालिम्पिकमध्ये, व्हिसलर येथे त्यांनी डाउनहिल, सुपर-जी, जायंट स्लालम, स्लालम आणि सुपर कम्बाइन्ड या पाचही शर्यती जिंकल्या. तंत्रात कोठेही मोठी उणीव असती, तर डाउनहिलचा वेग आणि स्लालमची झटपट वळणे या दोन्ही कसोट्यांना त्या उतरल्या नसत्या.

पूर्णवेळ खेळाडू होऊनच हे साधते असेही नाही. लॉरेन यांनी व्हिक्टोरिया विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि बीसी हायड्रो या वीज कंपनीत अभियंता म्हणून काम केले.