वाचक विचारतात : हेलेनाचा ब्लूज, उमरेडचं मैदान

प्रश्न : अमेरिकेतल्या हेलेना या लहानशा गावी दरवर्षी ‘किंग बिस्किट’ हा ब्लूजचा (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताचा) महोत्सव भरतो. इतक्या आडगावात तो रुजला कसा? आणि नाव बिस्किटाचं का?
*वाचक, धरमपेठ, नागपूर*

नाव बिस्किटाचं नाही, पिठाचं आहे. हेलेना हे आर्कान्सॉ राज्यातलं, मिसिसिपी नदीकाठचं कापसाचं गाव. तिथल्या केएफएफए रेडिओवर 21 नोव्हेंबर 1941 ला ‘किंग बिस्किट टाइम’ सुरू झाला. खर्च उचलला गावातल्याच किराण्याच्या ठोक व्यापाऱ्याने, आणि ‘किंग बिस्किट’ हा त्याच्या पिठाचा छाप. हार्मोनिकावर (म्हणजे माउथ ऑर्गनवर) सनी बॉय विल्यमसन, गिटारवर रॉबर्ट लॉकवूड ज्युनिअर. व्यवहार सरळ होता : दोघांनी पिठाची जाहिरात करायची आणि त्या बदल्यात आज रात्री आपण कुठे वाजवणार हे रेडिओवरून सांगून टाकायचं.

वेळ दुपारी सव्वाबाराची, कारण शेतातली माणसं तेव्हा जेवायला टेकायची. ऐकणारे आयते मिळाले. पुढे मक्याच्या पिठाच्या पोत्यावर सनी बॉयचं चित्रच छापून आलं. (या नावाचे वादक दोन. हा ‘दुसरा’ सनी बॉय, मूळ आडनाव मिलर. पहिला शिकागोचा. जुन्या रेकॉर्डी घेताना लोक इथेच फसतात.) 1951 पासून 2018 पर्यंत हा कार्यक्रम सनी पेन या एकाच निवेदकाने सांभाळला.

महोत्सव त्यामानाने उशिरा, 1986 मध्ये सुरू झाला. तो ऑक्टोबरात भरतो. मुख्य रंगमंचासमोर लोक नदीच्या पूरबांधाच्या गवताळ उतारावर बसतात. 2005 मध्ये नावाच्या हक्कावरून वाद झाला आणि ‘आर्कान्सॉ ब्लूज अँड हेरिटेज’ असं सरकारी थाटाचं नाव घ्यावं लागलं. पाचेक वर्षांनी जुनं नाव परत मिळालं. गावाने रेडिओ, पीठ आणि बांध हे घरचंच भांडवल वापरलं, म्हणून तो टिकला असं आमचं मत.

प्रश्न : डिसेंबरात उघड्या मैदानावर ब्लूजची रात्र ठेवतो आहोत. मागच्या वेळी स्पीकर सारखे घूं घूं करत होते आणि हार्मोनिका आला की शिट्टी. काय चुकलं?
*वाचक, उमरेड*

दोन वेगळे आजार आहेत. घूं घूं अर्थिंगमुळे होते. गिटारचा अ‍ॅम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या टोकाला, अशी जोडणी असली की दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि तो केबलमधून ऐकू येतो. वाजवायचं सगळं सामान एकाच बोर्डावरून घ्या, दिवे वेगळ्या फेजवर टाका. आवाज थांबतो म्हणून प्लगची अर्थची पिन काढणारे मंडपवाले भेटतात. त्यांना साफ नाही म्हणा. शॉक लागला तर थेट गाणाऱ्याच्या ओठाला लागतो.

शिट्टी मात्र मुठीतून येते. वादक हार्मोनिका आणि माइक दोन्ही हातांत घट्ट झाकतो, त्यामुळे माइक चहूबाजूंचा आवाज ओढू लागतो. त्याच्यासमोरचा मॉनिटर (वादकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) कमी करा, त्याला स्पीकरच्या मागे उभं करा, आणि आवाज दोन घर खालीच ठेवा.

थंडीत आणखी एक भानगड. श्वासाची वाफ हार्मोनिकाच्या आतल्या गार धातूच्या पट्ट्यांवर जमून सूर अडकतात. वाजवण्याआधी दहा मिनिटं हार्मोनिका खिशात ठेवावा. मिक्सरवर दव पडतं, मेणकापड हाताशी असू द्या. लाउडस्पीकर रात्री 10 ला बंद, म्हणून मुख्य गायक साडेआठला चढवा. पावणेदहाला चढवला तर दुसऱ्या गाण्यात प्लग काढावा लागेल.

प्रश्न : ब्लूजसाठी कोणता हार्मोनिका घ्यावा?
*वाचक, महाल, नागपूर*

दहा छिद्रांचा. दुकानात सहसा चोवीस छिद्रांचा पुढे करतात. त्यात प्रत्येक सुराला दोन पट्ट्या एकत्र वाजतात, त्यामुळे सूर खाली ओढता येत नाही, आणि ब्लूजचा जीव त्या ओढण्यातच. हार्मोनिका कोणत्या सुराचा हे ठरवताना गाण्याचा सा धरा. त्याचा शुद्ध मध्यम ज्या सुरावर येईल, त्या सुराचा हार्मोनिका. गिटारवाला ‘ई’मध्ये वाजवत असेल, तर तुम्ही ‘ए’चा घ्यायचा.