समुद्र खोलीच्या खिडकीतूनच पाहायचा का?

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. २७ डिसेंबरला त्यांच्या लग्नाला २५ वर्षं होतात. नाताळातली मुंबई दोघांनी कधी निवांत पाहिलेली नाही. यजमानांनी दक्षिण मुंबईत समुद्रासमोरचं हॉटेल हेरलंय: दोन रात्री, रात्रीला २४,००० अधिक जीएसटी. खाणंपिणं धरून ६०,००० क्रेडिट कार्डावर, १२ हप्ते, १५ टक्के व्याज. ताईंना त्याऐवजी २ लाखांची एफडी मोडावी असं वाटतं. ती मार्चमध्ये पिकते आणि जूनमध्ये मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीला लागणार आहे. एसआयपी, घरखर्च वजा जाता महिन्याला १२,००० उरतात.

ताई, जा. पंचवीस वर्षांनी एक दिवस मुंबईत मजा करायला सल्लागाराची परवानगी लागू नये. माझी हरकत फक्त त्या खोलीला आहे.

हप्ता ५,४१५ रुपयांचा बसेल. व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून साधारण ५,९०० जास्त जातील, प्रोसेसिंग फी वेगळी. एवढ्याने कुणी बुडत नाही. पण जूनमध्ये फी भरतानाही हप्ता चालूच असेल, आणि तुमची निम्मी शिल्लक आधीच कापलेली असेल. एफडीचं म्हणाल, तर २१ महिन्यांनी मोडून बँकेने १ टक्का दंड लावला की ३,५०० च्या आसपास गेले. शिवाय फीच्या पैशाला एकदा हात लागला की तो परत भरायचा राहतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

आता खोलीकडे येऊ. रात्रीचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची थेट ८,९६८ ला. भाड्यात फरक दोनशेचा, बिलात बाराशेचा! फोर्ट-कुलाब्यात ७,५०० च्या आतली साधी, स्वच्छ खोली शोधा. नाताळात सहज मिळणार नाही, पण तुम्हाला एकच रात्र हवी आहे. तुमच्या त्या २४,००० च्या खोलीवर नुसता कर ४,३२० आहे, रात्रीला!

समुद्र हवाच असेल तर त्या भारी हॉटेलात राहू नका, जेवा. दोघांचे आठ हजार धरा. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर काढायला सांगा, तो सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं बजावलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं.

बाकीचा दिवस स्वस्तच आहे. सकाळी ७.१५ ची डेक्कन क्वीन, डायनिंग कारमध्ये नाश्ता, साडेदहाच्या आत सीएसएमटी. इराण्याकडे जेवण, काळा घोडा, गेटवे, संध्याकाळी वांद्र्याला हिल रोडची रोषणाई, आणि बेकरीतून कुलकुल, मार्झिपान ही नाताळची मिठाई. (स्वेटर घरीच ठेवा. मुंबईची थंडी पुणेकराला हसूच आणते.) खोली ७,७७०, रात्रीचं जेवण ८,०००, गाडी, टॅक्सी, इतर खाणं आणि किरकोळ मिळून ८,०००. बेरीज २४ हजारांच्या आत, म्हणजे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांची शिल्लक. ना कर्ज, ना एफडीला धक्का.

दिवाळीत हात सैल सुटला असेल तर एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून लागेल तेवढीच उचल. बहुतेक बँका एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त लावतात. वीस हजार ९ टक्क्यांनी दोन महिने वापरले तर व्याज ३०० रुपये.

यजमानांचा हिरमोड होईल, हे दिसतंय. ती समुद्रासमोरची खोली त्यांनी हौसेनं शोधली होती. त्यांना जेवणाचं टेबल निवडू द्या. तिकिटं मात्र तुम्ही काढा, आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. परतीची क्वीन मुंबईहून ५.१० ला सुटते, आणि नाताळाच्या आठवड्यात तिच्याच जागा आधी संपतात.