आधी नमुना नऊ उघड

चि. ताई,

अनेक आशीर्वाद.

थेट जनतेतून सरपंच झालीस. गुलाल अजून कानामागून निघाला नसेल. सत्काराला यायचं फार मनात होतं, पण गुडघे ऐकत नाहीत. ऑफिसात असतो तर तुला 'सरपंच मॅडम'च म्हटलं असतं, पत्रात मात्र तू ताईच.

त्या सत्कारात कुणीतरी तुला गाडगेबाबांचा झाडू सांगितला असेलच. आधी गाव झाडायचं, मग रात्री कीर्तनाला उभं राहायचं. ते खरंच आहे, पण मी जन्मभर ग्रामसेवक (हल्ली आमच्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), मला झाडूपेक्षा वह्या जास्त कळतात. म्हणून पदभार घेतलास की पहिल्या दिवशी नमुना नऊ मागव. करमागणीची वही ती. तुमच्या घराचं पान काढ आणि घरपट्टी, पाणीपट्टीची बाकी बघ. तुझे आण्णा माणूस सरळ, पण पट्टी मार्चअखेरपर्यंत ताणायची त्यांची जुनी खोड आहे. मी त्यांच्या दारात पाच-सहा वेळा तरी चहा पिऊन रिकाम्या हाताने परतलोय.

मग १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ वाच. सावकाश वाच. मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत पंचायतीचा कर भरला नाही, तर सदस्य अपात्र. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल, तर अपात्र. शौचालय नसेल, किंवा असून वापरात नसेल, तरीही अपात्र. कुणीही उठून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो. थकबाकीदार गावकऱ्याला नोटीस जाते, नळ तुटतो. तुझी खुर्ची जाते. सरपंचाला वेगळं माप लावायचं हे कायद्यानेच ठरवलंय, आपण मनाचा मोठेपणा म्हणून करतोय असं समजू नकोस.

आता अवघड बोलतो. तुमचा गोठा. त्याची मागची भिंत गावठाणाच्या रस्त्यात हातभर आलीये, हे सगळ्या आळीला माहीत आहे. 'ती आण्णांनी बांधली, मी नाही' असं म्हणायची सोय राहिलेली नाही. घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणाचा जो वापर करत राहतो, तोही अपात्र ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलंय. पण न्यायालय सोड. उद्या रस्ता रुंद करायला तू टेप घेऊन उभी राहशील, तेव्हा लोक टेपकडे बघणार नाहीत, गोठ्याकडे बघतील.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. गावाचं नाव घेत नाही, माणसं अजून आहेत. दुष्काळाचं साल, आठवड्यातून दोनदा नळाला पाणी. ग्रामसभेत ठराव झाला: नळातून जास्तीचं पाणी ओढणारी टिल्लू मोटर लावायची नाही, सापडली तर जप्त आणि पाचशे रुपये दंड. ठराव चांगला होता. पहिल्या आठवड्यात सात मोटरी जप्त झाल्या, पावत्या मीच फाडल्या. मग खालच्या आळीच्या बायकांच्या एक लक्षात आलं. लाइट गेली की त्यांच्या नळाला धार येते. लाइट आली की हंडा पुन्हा तसाच. वरती कुणाची तरी मोटर चालू होती. ती सरपंचांच्या घरी, हौदाच्या कडेला पोत्याखाली होती.

भांडण झालं नाही, मोर्चा आला नाही. पाणी सोडणारा आमचा शिपाई मोटरी जप्त करायला पुढच्या गल्लीत गेला, तेव्हा एका म्हातारीने त्याला एवढंच विचारलं, 'वरून सुरुवात केलीस का रे बाबा?' त्या दिवसापासून तो कुणाच्या दारात गेला नाही. मीही पावतीपुस्तक कपाटात ठेवलं. महिन्याभरात मोटरी पहिल्यापेक्षा जास्त झाल्या. मला आजही सरपंचांच्या मोटरीपेक्षा माझ्या कपाटाचं जास्त वाईट वाटतं. मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. तुझा ग्रामसेवक तुला तोंडावर बोलू शकेल, एवढी जागा त्याला ठेव.

दुसऱ्या एका गावच्या सरपंचांची म्हैस शाळेच्या रोपांत शिरली. मोकाट जनावराला दोनशे रुपये दंड, ठराव त्यांचाच. संध्याकाळी ते ऑफिसात आले, पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, 'पावतीवर सरपंच लिहू नका, नुसतं नाव लिहा.' मी दंड माफ करायचा विषय काढला, तर माझ्यावरच डाफरले. ही बातमी त्यांनी कुणाला सांगितली नाही. गावात मात्र रात्रीतून पोचली, कारण ऑफिसात बाकावर दोघंजण बसलेले होतेच. तू असं काही केलंस तर त्याचा फोटो व्हॉट्सॲपला टाकू नकोस. फोटो पडला की लोक म्हणतात, म्हैस मुद्दाम सोडली होती.

आणि नियम थोडे कर. नवा सरपंच पहिल्या ग्रामसभेत वीस ठराव मांडतो, त्यातले बारा त्याच्या स्वतःच्या घरात पाळले जात नाहीत. ठराव लिहिण्याआधी तो घरी, जेवताना, आण्णांसमोर आणि धाकट्या भावासमोर मोठ्याने वाचून दाखव. भाऊ हसला, तर खोडून टाक.

चुकशील, हेही धरून चाल. एखादी पट्टी राहील, एखादा कार्यक्रम रात्री दहाच्या पुढे लाउडस्पीकरवर चालू राहील. तेव्हा दुसऱ्या कुणी विचारायच्या आत ग्रामसभेत तूच उभी राहा, चूक सांग, दंड भर आणि पुढच्या विषयाला जा. रडायचं नाही, भाषण करायचं नाही. दोन वाक्यं पुरतात.

गोठ्याचं आण्णांना सांगायला तुला जड जाईल. मला फोन कर, मी रिक्षा करून येतो. चिडायचं असेल तर माझ्यावर चिडू देत, जुनी सवय आहे त्यांना. जेवायला मात्र थांबेन, आणि निघताना घरपट्टी घेऊनच निघेन.

तुझा,
जुना ग्रामसेवक