कबूल काय केलंय, ते आधी वाच

चि.,

अनेक आशीर्वाद.

‘चि.’ म्हणजे चिरंजीव. हे अक्षर हात सवयीने लिहितो, तुझं पत्र वाचल्यावर मात्र तिथेच अडखळला. आपल्या सात चिरंजीवांत अश्वत्थामाही आहे, कपाळावरच्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरणारा. गोष्ट सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. लक्षात राहतं ते अमरपण, जखम विसरली जाते.

तुझ्या घरात दोन पक्ष पडलेत. आई सव्वा लाख महामृत्युंजयाचं ठरवते आहे, तू म्हातारपण लांबेल या आशेने दर महिन्याला एनएमएन नावाच्या पुडीची बाटली मागवतोस, आणि मधुमेह असलेले ६१ वर्षांचे बाबा दोघांची भांडणं ऐकत गप्प जेवतात. वर तू मला विचारतोस, विश्वास कशावर ठेवू, विज्ञानावर की देवावर? मी या पंचायतीत पडणार नाही. मी एकच विचारीन: समोरच्याने कबूल काय केलंय? शब्दशः काय? ते वाचलंस का? तू वाचलेलं नाहीस, हे तुझ्या पत्रावरून स्पष्ट दिसतं, आणि त्याचाच मला राग आहे.

बाटलीपासून सुरुवात कर. लेबलवर ‘पेशींच्या आरोग्यास साहाय्य’ अशा धर्तीचं काहीतरी असेल. ‘साहाय्य’ या शब्दावर बोट ठेव. आयुष्य वाढतं असं विकणारा लिहीत नाही, कारण लिहिलं तर सिद्ध करावं लागेल. सिद्ध झालंय ते एवढंच, की ही पूड घेतल्यावर माणसाच्या रक्तातलं एनएडी, म्हणजे पेशींना ऊर्जेच्या कामी लागणारा रेणू, वाढतं. अभ्यास लहान, आठवड्यांचे नाहीतर महिन्यांचे. तिच्याच कुळातला एनआर नावाचा रेणू अमेरिकेत तीन प्रयोगशाळांनी एकाच पद्धतीने उंदरांना देऊन पाहिला, उंदीर काही जास्त जगले नाहीत. त्याआधी लाल द्राक्षांतल्या रेस्व्हेराट्रॉलची हवा होती. ग्लॅक्सोने २००८ मध्ये त्यावर काम करणारी कंपनी ७२ कोटी डॉलर मोजून घेतली आणि २०१३ मध्ये तिला टाळं लावलं. तुझ्यापेक्षा शहाणी माणसं तुझ्यापेक्षा जास्त पैसे घालून फसलीत, एवढाच दिलासा मी देऊ शकतो.

आता तू रापामायसिन हे औषध काढशील, म्हणून मीच काढतो. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून ते वेगळं करण्यात सुरेन सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा. त्याच तीन प्रयोगशाळांनी ते ६०० दिवसांच्या उंदरांना, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साठीच्या आसपास, द्यायला सुरुवात केली आणि निकाल २००९ मध्ये छापला. दर दहातले नऊ उंदीर मरायला जो काळ लागतो, तो माद्यांमध्ये १४ टक्क्यांनी आणि नरांमध्ये ९ टक्क्यांनी लांबला. हा खरा निकाल आहे, मला तो सुंदर वाटतो. पण तो कोणासाठी कबूल झाला? उंदरांसाठी, पिंजऱ्यात, ठरलेल्या खाण्यावर. माणसांना हे औषध मूत्रपिंड बसवल्यावर देतात, शरीराने ते झिडकारू नये म्हणून. तोंडात फोड येतात, कोलेस्टेरॉल चढतं, साखर चढू शकते आणि जखम उशिरा भरते. मधुमेह्याच्या पायाची जखम उशिरा भरली की पुढे काय होतं, हे परळच्या कुठल्याही वॉर्डात जाऊन बघ. बाबांसाठी हे ऑनलाइन शोधलंस तर माझ्याशी गाठ आहे.

म्हातारपण हा एक रोग असता तर एक गोळी पुरली असती. बेंजामिन गॉम्पर्ट्झ या विमागणितज्ञाने १८२५ मध्ये दाखवलं, की मोठ्या वयात मरणाचा धोका ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जातो. आजच्या हिशेबाने साधारण दर आठ वर्षांनी. म्हणून उद्या जगातला सगळा कॅन्सर नाहीसा झाला तरी सरासरी आयुष्य वाढेल ते तीनेक वर्षं. कॅन्सरने सोडलं त्याला हृदय गाठतं, हृदयाने सोडलं त्याला मेंदू. झिज सगळीकडे एकदमच चाललेली असते.

मेल्यावर देह गोठवून ठेवायचा आणि पुढे कधीतरी शास्त्राने उठवायचा, यासाठी तू भरायला घेतलेल्या अर्जाबद्दल थोडक्यात. पहिला माणूस १९६७ मध्ये गोठवला, अजून कोणी उठलेलं नाही. उणे १९६ अंशांवर ठेवायचं तर रक्ताच्या जागी बर्फ होऊ न देणारं द्रव्य भरावं लागतं, तेही मृत्यू जाहीर झाल्यावर लगेच. गोठवणारी संस्था अमेरिकेत ॲरिझोनाला, मुंबईतून तिथवर २० तासांहून जास्त प्रवास, आणि विमानात मृतदेह घेताना बहुधा एम्बाल्मिंगचा दाखला मागतात. फॉर्मॅलिन भरलेल्या देहात मग ते द्रव्य कुठून शिरणार? शास्त्राची खरी मजल २०२३ मध्ये दिसली: उंदराच्याच कुळातल्या मोठ्या रॅटचं मूत्रपिंड १०० दिवसांपर्यंत गोठवून, पुन्हा ऊब देऊन, दुसऱ्या रॅटमध्ये चालवलं. एक अवयव, तोही पावट्याएवढा. दोन लाख डॉलरच्या वरचा तो अर्ज फाड.

आता आईकडे वळू. इथे तुझा सूर मला आवडला नाही. तिला ‘अंधश्रद्धा’ म्हणण्याआधी तिच्या मंत्राचे शब्द वाचायचे होतेस. मागणं असं आहे: वाळूक देठापासून सुटतं तसा मला मृत्यूच्या बंधनातून सोडव, अमृतापासून मात्र नको. पिकलेलं वाळूक वेलीला हात न लावता आपोआप सुटतं, हे खेड्यात कोणीही सांगेल. न पिकता, ओढून तोडलं जाऊ नये, अशी ही विनवणी मी वाचतो. वाळूक वेलीवर कायम राहू दे, असं त्यात कुठेही नाही.

फसवणूक आहे ती पॅकेजमध्ये. सव्वा लाख जप, पाच गुरुजी, तीन दिवस. हिशेब कर. प्रत्येकाच्या वाट्याला २५,००० मंत्र. रोज आठ तास धरले तर तीन दिवसांत ८६,४०० सेकंद, म्हणजे एका मंत्राला साडेतीन सेकंद. बत्तीस अक्षरं, स्वरासकट, हजारो वेळा? स्वच्छ म्हणायला पंधराएक सेकंद लागतात. त्या गतीने पाच जणांना तेरा दिवस बसावं लागेल. आईला सांग, स्वतः रोज एक माळ कर. १०८ मंत्र, सत्तावीस मिनिटं, दक्षिणा शून्य.

आणि संध्येतलं शंभर शरदांचं मागणं तिलाच म्हणून दाखवायला सांग. त्यात पहिला शब्द ‘जीवेम’ नाही, ‘पश्येम’ आहे. आधी दिसू दे, मग जगू दे, मग ऐकू येऊ दे, बोलता येऊ दे, आणि ‘अदीनाः स्याम’: कोणापुढे लाचार होऊ नये. शेवटी ‘शंभराहूनही जास्त’ अशी भर आहे, ती माणसाची हाव, चालायचंच. या यादीतलं जवळपास सगळं आज मुंबईत मिळतं, तेही तुझ्या बाटलीपेक्षा स्वस्तात. तुम्ही दोघं भांडताय तेवढ्यात ते करून झालं असतं.

पश्येम: वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासायचं. मधुमेहात नजर जाते ती बहुतेकदा दुखल्याशिवाय जाते. शृणुयाम: टीव्हीचा आवाज वाढत चाललाय का ते बघ आणि ऑडिओमेट्री कर. ऐकू न येणारा माणूस आधी बोलणं सोडतो, मग माणसं सोडतो. बाबा जेवताना गप्प असतात ते रागाने की ऐकू न आल्याने, हे तरी तुला माहीत आहे का? अदीनाः: सगळं पायांवर आहे. १७ इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. हात छातीवर आडवे. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोज. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाचा आकडा १४ च्या खाली आला तर पाय कमजोर, पडण्याचा धोका जास्त. मग तोच व्यायाम, दिवसाआड, दहा-दहाचे दोन फेरे. बाथरूममध्ये कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसव. टॉवेलच्या दांडीने माणसाचं वजन पेलत नाही, ती निखळते आणि खुबा मोडतो. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे म्हणालास, तर बी-१२ तपासून घे. त्या गोळीने ते उतरतं, पायाला मुंग्या येतात आणि सगळे मधुमेहाला दोष देत बसतात.

तू म्हणशील, सर रुक्ष आहेत. असेन. पण मुंबईत प्लेग असताना वाल्देमार हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेले आणि न टोचलेले शेजारी-शेजारी मोजले. प्लेग जाईल असं त्याने कबूल केलं नाही. धोका कमी होईल, ताप येईल, टोचलेली जागा दुखेल, एवढंच. स्वातंत्र्याच्या वेळी बत्तिशीच्या आसपास असलेलं आपलं सरासरी आयुर्मान आज सत्तरीला आलंय ते असल्या मोजक्या, रुक्ष कबुल्यांवर. मला रुक्षपणा शिकायला फार वेळ लागला. त्या वेळेची किंमत मी भरलेली नाही, दुसऱ्यांनी भरली. तो विषय इथे नको.

एक काम मात्र तुम्ही टाळणार, म्हणून शेवटी लिहितो. बाबांना विचार, व्हेंटिलेटर कधी नको. उत्तर दिलं तर ते कागदावर घे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, निर्णय कळवणाऱ्या जवळच्यांची नावं, एक प्रत घरच्या डॉक्टरकडे आणि एक महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. पहिल्यापेक्षा मॅजिस्ट्रेटची पायपीट वाचली. आईला ते अभद्र वाटेल. तिला वाळकाची ओळ पुन्हा म्हणायला सांग आणि मग कागद पुढे कर.

खुर्चीचा आकडा रविवारपर्यंत कळव. बी-१२ चा रिपोर्ट आला की तोही.