फायलॉइड्सच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी का काढत नाहीत?

तुमच्या बहिणीचा रिपोर्ट 'मॅलिग्नंट फायलॉइड्स' (स्तनातली एक विरळ, कर्करोगी गाठ) आलाय आणि सर्जन काखेतल्या गाठी (लिम्फ नोड्स, म्हणजे प्रत्येकाच्या काखेत असतातच त्या लसिका ग्रंथी) काढणार नाही म्हणतात. हा निष्काळजीपणा तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

नाही. माझंही फायलॉइड्सचं ऑपरेशन झालं तेव्हा मलाही हाच घोर लागला होता. बांबोळीला, गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात, माझ्या शेजारच्या खाटेवर साखळीची एक मावशी होती, तिला नेहमीचा स्तनाचा कॅन्सर. काखेतून नळी, खाली लालसर पाण्याची बाटली. ती कापडी पिशवीत घालून पदराआड धरून वॉर्डभर फिरायची. माझी काख कोरी बघून म्हणाली, "तुझ्या काढायला विसरले की काय गो?"

राउंडला आलेल्या डॉक्टरना विचारलं. नेहमीचा कॅन्सर दुधाच्या नळ्यांच्या अस्तरातून सुरू होतो आणि पसरताना बहुधा आधी काखेत जातो. म्हणून निळा रंग किंवा किरणोत्सारी औषध टोचून तिथली पहिली गाठ शोधून तपासतात. फायलॉइड्स नळ्यांभोवतीच्या आधाराच्या ऊतीतून येतो. तो पसरलाच तर रक्तातून, बहुतेकदा फुप्फुसात. काखेत फार क्वचित. मग गाठी काढून पदरात काय पडणार, तर हाताची सूज.

म्हणून काख बघायचीच नाही असं नव्हे. माझ्या काखेत चण्याएवढी गाठ लागत होती. सोनोग्राफीवर बघत सुई घालून तपासली, नुसती सुजलेली निघाली. मोठ्या फायलॉइड्समध्ये असं होतं. मात्र रिपोर्टमध्ये फायलॉइड्सच्या आतच 'कार्सिनोमा'ही (म्हणजे तो नेहमीचा कॅन्सर) लिहिलेला असेल (विरळाच, पण असतो), तर काखेचा विचार वेगळा होतो. तेवढं स्पष्ट विचारून घ्या.

खरी काळजी करा मार्जिनची, म्हणजे गाठीभोवती किती चांगली ऊती काढली त्याची. माझी गाठ आधी एका खासगी दवाखान्यात 'फायब्रोअॅडिनोमा' (कॅन्सर नसलेली साधी गाठ) समजून अगदी कडेकडेने काढली होती. सहा महिन्यांत परत आली, लिंबाएवढी! दुसऱ्या वेळी भोवतालची चांगली ऊतीही सर्व बाजूंनी निदान १ सेंटिमीटर घेतली. बहिणीच्या रिपोर्टवर तो आकडा बघा, आणि छातीचा सीटी स्कॅन झालाय का तेही विचारा.

मावशी अजून ओपीडीत भेटते. हातावर मनगटापासून दंडापर्यंत घट्ट पट्टा असतो, आणि नारळ खवायचं काम सुनेकडे गेलंय.