वाचकांचे प्रश्न: 1946 साली नक्की काय काय झालं?

मागच्या अंकात 1947 वर लिहिलं तेव्हापासून जे प्रश्न येतायत ते जवळजवळ सगळे त्याच्या आदल्या वर्षाबद्दल आहेत. त्यातले चार घेतो. पहिल्याचं उत्तर लांबलंय, त्याला इलाज नाही.

प्रश्न: आमच्या ग्रुपवर दर फेब्रुवारीत एक फॉरवर्ड फिरतो की मुंबईत नौदलाचं बंड झालं आणि दुसऱ्याच दिवशी इंग्रजांनी गाशा गुंडाळायचं ठरवलं, बाकी चळवळी वगैरे सगळं नंतर चिकटवलेलं. शाळेत तर आम्हाला या बंडावर दोन ओळी होत्या. खरं काय?

अर्धं खरं आहे. बंड झालं, मोठं झालं, आणि पुस्तकात त्याला दोन ओळी मिळतात ही लाजच आहे. पण ते "दुसऱ्याच दिवशी"वालं गणित जुळत नाही हो. 18 फेब्रुवारी 1946 ला संप सुरू झाला आणि 19 ला लंडनच्या पार्लमेंटमध्ये कॅबिनेट मिशनची (सत्ता कशी सोपवायची ते ठरवायला हिंदुस्थानात यायच्या तीन ब्रिटिश मंत्र्यांची) घोषणा झाली, तारखा बरोबर आहेत, म्हणून फॉरवर्ड लिहिणाऱ्याला वाटलं बघा कसे टरकले. पण मिशन पाठवायचं हे ब्रिटिश पंतप्रधान अ‍ॅटली यांच्या सरकारने 22 जानेवारीलाच ठरवलेलं होतं, म्हणजे बंडाच्या जवळपास महिनाभर आधी.

मग जानेवारीत असं काय झालं होतं? तर आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावरचा लाल किल्ल्यातला खटला नुकताच संपला होता, जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि सरसेनापती ऑकिनलेकने 3 जानेवारीला ती स्वतःच माफ करून टाकली, फक्त नोकरीतून काढलं. ही माफी दयेपोटी नव्हती, शिक्षा अमलात आणली तर आपलंच हिंदी सैन्य काय म्हणेल याची धास्ती होती. त्याच महिन्यात हवाई दलात संप झाले, आणि गंमत म्हणजे कराचीला आधी गोरेच बसले होते संपावर, युद्ध संपलं आता घरी पाठवा म्हणून. शिवाय पैसा. युद्धात हिंदुस्थानकडून जो माल आणि सेवा उधारीवर घेतल्या त्यापोटी ब्रिटन आपलं सुमारे 130 कोटी पौंडांचं देणं लागत होतं, म्हणजे मालकच कुळाचा कर्जदार झालेला.

आता बंडाकडे. "तलवार" हे जहाज होतं असं बऱ्याच जणांना वाटतं, ते कुलाब्यातलं सिग्नल शिकवायचं केंद्र होतं, जमिनीवरचं. तिथल्या पोरांच्या तक्रारी वाचल्या तर आधी राजकारण नाहीच, जेवण खायच्या लायकीचं नाही, गोऱ्या खलाशाला पगार जास्त आणि किंग नावाचा कमांडर तोंडाला येईल त्या शिव्या घालतो. त्याच्याही आधी बलाई चंद दत्त या खलाशाला भिंतींवर "भारत छोडो" लिहिल्याबद्दल पकडलं होतं. 18 तारखेला पोरांनी जेवण नाकारलं, आणि दोन-तीन दिवसांत ते मुंबई बंदरातून कराची, मद्रास, कलकत्त्यापर्यंत गेलं, साधारण 78 जहाजं आणि 20 हजार खलाशी असा आकडा सांगितला जातो. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्टांचा लाल असे तिन्ही झेंडे एकत्र लावले, एम. एस. खान संपसमितीचे अध्यक्ष आणि मदन सिंग उपाध्यक्ष, आणि मागण्यांमध्ये डाळ-चपातीच्या शेजारी आझाद हिंदचे कैदी सोडा आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत आणा हेही होतं. हे तिन्ही झेंडे फेब्रुवारीत एका काठीवर आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्यात हिंदू-मुस्लिम दंगलीत काय झालं ते बघा, मला तरी हा त्या वर्षाचा सगळ्यात कठीण प्रश्न वाटतो.

21 ला कॅसल बराकीत गोळीबार झाला, खलाशांचं रेशन तोडलं तर लोक गेटवेवर डबे, फळं, पाव घेऊन आले. अ‍ॅडमिरल गॉडफ्रेने रेडिओवरून धमकी दिली की वेळ पडली तर अख्खं नौदल बुडालं तरी चालेल. 22 ला मुंबईत बंद, कम्युनिस्ट पक्षाने हाक दिलेली, गिरण्या बंद, आणि लालबाग-परळ भागात लष्कराने जो गोळीबार केला त्यात सरकारी आकड्यानेच मुंबईत 228 माणसं गेली. परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गेल्या त्या यातच. म्हणजे बंड खलाशांचं पण मेले जास्त कोण तर रस्त्यावरचे गिरणी कामगार आणि साधी माणसं, आणि त्यांचं नाव फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.

शेवटी वल्लभभाईंनी सांगितलं शरण जा, सूड उगवला जाणार नाही हे आम्ही बघू, आणि 23 ला सकाळी संप मिटला. पुढे शेकडो जणांना नोकरीतून काढलंच, आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतलं गेलं नाही. इथे नेत्यांची बाजूही समजते, उद्या आपल्यालाच सैन्य चालवायचंय तर त्यात संपाची सवय नको, पण शब्द दिला होता तो पाळायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे. तर मिशन यायचं बंडामुळे ठरलं नाही, पण आलेल्या मिशनला रिकाम्या हाताने परत जाता येणार नाही हे त्या आठवड्याने नक्की केलं. आणि ते अ‍ॅटलींनी खाजगीत कुणाला तरी म्हटलेलं वाक्य, की आम्ही गेलो ते सैन्य आणि नौदलातल्या बंडांमुळे, जे फॉरवर्डच्या शेवटी असतं ना, ते खूप वर्षांनी दुसऱ्याने सांगितलेलं आहे, त्यावर इमारत बांधू नका.

प्रश्न: एमपीएससीची तयारी करतेय. कॅबिनेट मिशनचे अ, ब, क गट पाठ केले पण दोन्ही पक्षांनी योजना मान्य केली मग ती फिसकटली कशी हे डोक्यात शिरत नाही.

कारण दोघांनी वेगवेगळी योजना मान्य केली, कागद एकच होता! 16 मे ची योजना अशी की केंद्राकडे फक्त परराष्ट्र, संरक्षण आणि दळणवळण, खाली प्रांत, आणि मध्ये प्रांतांचे गट. अ मध्ये मुंबई, मद्रास, संयुक्त प्रांत, बिहार, मध्य प्रांत आणि ओरिसा, ब मध्ये पंजाब, सिंध, सरहद्द प्रांत, क मध्ये बंगाल आणि आसाम. लीगने 6 जूनला होकार दिला तो गट सक्तीचे आहेत असं धरून, त्यात त्यांना पाकिस्तानचं बी दिसत होतं. काँग्रेसने होकार दिला तो गटात जायचं की नाही हे प्रांताच्या मर्जीवर असं धरून. सगळं अडलं ते आसामवर, त्यांना बंगालच्या दावणीला बांधून घ्यायचं नव्हतं. मग 10 जुलैला मुंबईत नेहरूंनी प्रेस कॉन्फरन्समध्ये सांगितलं की आम्ही फक्त घटना समितीत (राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत) जायचं मान्य केलंय, बाकी बांधील नाही. जिना टपलेलेच होते, 29 जुलैला लीगने, तेही मुंबईतच, होकार मागे घेतला आणि 16 ऑगस्ट हा प्रत्यक्ष कृतीचा दिवस ठरवला. कलकत्त्यात चार दिवसांत हजारो मेले, मग दंगली नोआखालीत, मग बिहारमध्ये. नेहरूंच्या त्या एका वाक्याने फाळणी झाली असं लिहिणारे आहेत, मला ते फार सोपं वाटतं, गटांचं भांडण वाक्याच्या आधीपासून होतं. पण ते वाक्य त्या दिवशी नसतं आलं तर बरं झालं असतं हेही खरं. परीक्षेला क्रम लक्षात ठेवा: 16 मे, 6 जून, 10 जुलै, 29 जुलै, 16 ऑगस्ट, 2 सप्टेंबर (हंगामी सरकार), 9 डिसेंबर (घटना समिती).

प्रश्न: आजोबा सांगायचे की इंग्रजांच्या शेवटाला पण नोटाबंदी झाली होती. आम्ही हसायचो. होती का?

हो, हसलात ते चुकलं. 12 जानेवारी 1946 ला 500, 1000 आणि 10,000 च्या नोटा बाद केल्या, युद्धातल्या काळ्या बाजाराचा पैसा बाहेर काढायला. सुमारे 144 कोटींच्या नोटांपैकी 135 कोटींच्या आसपास परत आल्याच, त्यामुळे हाती काय लागलं ते समजा. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने त्यातली एकही नोट आयुष्यात पाहिली नव्हती, त्याला त्या वर्षी चिंता होती ती धान्य माणशी रोज 12 औंसांवर (साधारण 340 ग्रॅम) आणल्याची.

प्रश्न: बाबासाहेब घटना समितीवर मुंबईतून का नाही निवडून गेले? बंगाल कुठून आलं?

कारण घटना समितीचे सभासद जनता निवडत नव्हती, प्रांतांचे आमदार निवडत होते. 1946 च्या सुरुवातीच्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची धूळधाण झालेली, मुंबईच्या कायदेमंडळात काँग्रेसचं बहुमत, तिथून मतं मिळणं शक्यच नव्हतं. बंगालमध्ये फेडरेशनचे नेते जोगेंद्रनाथ मंडल होते, त्यांनी खटपट करून जुलैमध्ये बाबासाहेबांना निवडून आणलं.

डिसेंबरमध्ये नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला, त्यावर आपल्या मुंबईच्या बॅ. मु. रा. जयकरांची दुरुस्ती होती की लीग आणि संस्थानं येईपर्यंत थांबा. सभागृह जयकरांवर वैतागलेलं. 17 तारखेला समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी बाबासाहेबांचं नाव अचानक पुकारलं, ते म्हणालेही की माझ्या आधी वीस-बावीस नावं होती, मला वाटलं उद्या पाळी येईल. आणि बिनतयारीचं ते भाषण असं झालं की ज्यांनी त्यांना येऊ दिलं नव्हतं तेच बाकं वाजवायला लागले. देश एक राहील अशी खात्री त्यांनी दिली, पण थांबा हेही सांगितलं, म्हणजे जयकरांच्याच बाजूने बोलले. पुढे फाळणीत बंगालची ती जागा गेली. तेव्हा राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिलं की डॉ. आंबेडकरांना लगेच निवडून पाठवा, आणि जुलै 1947 मध्ये मुंबईतून ते गेले ते जयकरांनी राजीनामा देऊन मोकळ्या केलेल्या जागेवर.