लोअरिंग स्प्रिंग टाकल्या की गाडी खरंच बरी वळते का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका नमस्कार, मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो, वय २६. २०१८ ची स्विफ्ट पेट्रोल आहे, रोज ऐरोलीला ऑफिसला तीच गाडी आणि रविवारी ऑटोक्रॉसलाही (कोन मांडलेल्या ट्रॅकवर वेळ लावून गाडी पळवायची स्पर्धा) तीच. आतापर्यंत दोन इव्हेंट केले. कोनच्या मधून जाताना गाडी खूप कलते आणि नाक बाहेर पळतं. मित्र म्हणतो गाडी ४० मिमी खाली आणणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग टाक, एका दिवसात फरक कळेल. लिनिअर घेऊ की प्रोग्रेसिव्ह? शॉकअप कंपनीचेच आहेत, ६२ हजार किमी झाले, तेच चालतील ना? बजेट बेताचं आहे.

उत्तर : अरे सगळं लिहिलंस पण ते दोन इव्हेंट कशावर झाले ते लिहिलं नाहीस, डांबरावर की मुरुमावर? माझं अर्धं उत्तर तिथेच ठरतं. अमेरिकेत ऑटोक्रॉस म्हणजे मोठं पार्किंग नाहीतर जुनी धावपट्टी, गुळगुळीत डांबर किंवा काँक्रीट, त्यावर कोन मांडलेले. लोअरिंग स्प्रिंगचे बहुतेक सल्ले तिथल्या लोकांचे आहेत आणि तिथल्या जमिनीसाठी बरोबरच आहेत. आपल्याकडे मात्र बरेच ऑटोक्रॉस मोकळ्या मैदानात माती-मुरुमावर होतात, सकाळी पहिल्या गाड्या जातात तेव्हा ट्रॅक बरा असतो, दुपारपर्यंत प्रत्येक वळणावर चर पडतात, चाक त्यात खाली-वर व्हायला जागा लागते आणि तू तीच जागा ४० मिमीने कमी करायला निघालायस. मातीवर खेळणार असशील तर स्प्रिंगला हात लावू नको, उंची आहे तशी ठेव, शॉकअप चांगले घाल, इंजिनखालचं गार्ड मजबूत आहे का बघ, बास.

आता धरून चालू की डांबरावर खेळणार आहेस. मग हिशोब करून बघ, मला हा हिशोब कोणी वेळेत करून दाखवला असता तर माझे पैसे आणि एक सीझन वाचला असता. तू आत बसल्यावर गाडी साधारण ९५० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून अंदाजे ५५० मिमी, दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर. ०.८ जीने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराने वळलास तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर ९५० गुणिले ०.८ गुणिले ०.५५ भागिले १.५, म्हणजे जवळपास २७९ किलो सरकतात. गाडी २५ मिमी खाली घेतली तर २६६. फरक पडला १३ किलोचा, साडेचार टक्के. फायदा आहे, नाही असं नाही, पण एका दिवसात कळेल असा नाही.

आणि हे सरकणारं वजन स्प्रिंग कडक केल्याने कमी होत नाही, हे नीट समजून घे. ते उंचीवर आणि रुंदीवर ठरतं. स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारी दांडी) फक्त एवढंच ठरवतात की त्यातलं पुढच्या टायरवर किती येणार आणि मागच्या टायरवर किती. तुझी गाडी पुढच्या चाकांवर चालते, इंजिनचं वजन पुढे, स्टिअरिंग पुढे, म्हणजे सगळी कामं त्याच दोन टायरवर आणि तू पुढे अजून कडक स्प्रिंग टाकलीस की त्यातल्या बाहेरच्या टायरवर अजून वजन येणार आणि नाक अजून बाहेर जाणार. तुझी तक्रारच ती आहे ना? पुढच्या चाकांच्या गाडीला वळायला लावायचं तर कडकपणा मागे वाढवावा लागतो, पुढे नाही. म्हणून सेट घेताना मिमीचा आकडा नंतर विचार, पुढची स्प्रिंग किती टक्के कडक आणि मागची किती ते आधी विचार, आणि विकणाऱ्याला ते सांगता येत नसेल तर तिथून घेऊ नको.

कलण्याचं म्हणशील तर गाडी कलली म्हणून ग्रिप जात नाही, कलल्यामुळे चाकाचा उभा कोन, म्हणजे कॅम्बर, बिघडतो आणि टायर बाहेरच्या कडेवर चालायला लागतो म्हणून जाते. आता ४० मिमीचा घोळ बघ. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे वर शॉकअप-स्प्रिंगचा एकच खांब आणि खाली चाकाला बॉडीशी जोडणारा एक लोअर आर्म. गाडी खूप खाली आणली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक बॉडीकडच्या टोकापेक्षा वर जातं. तिथून पुढे चाक वर दाबलं गेलं की कॅम्बर निगेटिव्ह (चाकाचं वरचं टोक आत) व्हायचा कमी होत जातो आणि मग उलटा फिरायला लागतो. शिवाय रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्य जेवढा खाली येतो त्याहून जास्त खाली जातो, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांब होते. गाडी खाली आली आणि तेवढ्याच स्प्रिंगवर ती जास्त कलायला लागली, असं खरंच होतं. मी स्वतः एका गाडीत ४५ मिमी खाली गेलो होतो, दिसायला फार देखणी झाली होती, पण पुढची चाकं वळणात बंप स्टॉपवर (शॉकअप पूर्ण दाबला जाऊ नये म्हणून असलेला रबराचा अडथळा) आदळायची आणि बंप स्टॉप लागला की स्प्रिंग एकदम दगड होते, टायर सुटतो, मी स्टिअरिंग अजून पिळायचो, गाडी सरळ. सबंध सीझन मी माझ्याच जुन्या टायमिंगच्या मागे होतो आणि दोष ड्रायव्हिंगला देत बसलो होतो.

लिनिअर की प्रोग्रेसिव्ह, तर लिनिअर, म्हणजे कितीही दाबली तरी कडकपणा सारखाच राहणारी. प्रोग्रेसिव्हमध्ये काही वेटोळी जवळजवळ असतात, ती आधी मिटतात आणि मग कडकपणा वाढतो. रस्त्यावर ते आरामशीर वाटतं. पण स्लॅलममध्ये गाडी डावीकडून उजवीकडे फेकायची असते तेव्हा तिने पहिल्या कोनला आणि पाचव्या कोनला सारखंच वागायला हवं, मध्येच कडक व्हायला लागली की हाताला अंदाज येत नाही. गाडी २० ते २५ मिमीच खाली घे, त्याहून जास्त नको.

शॉकअप तेच चालणार नाहीत, आणि ६२ हजार किमी आपल्या ठाण्यातले आहेत, गायमुखचे खड्डे, कापूरबावडी, माजिवडा, दर पावसात तेच, त्या शॉकअपमधलं तेल कधीच थकलंय असं मी न बघता सांगतो. नवेकोरे असले तरी एक गणित आहे. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली की तिची हेलकावे खायची गती १४ टक्क्यांनी वाढते आणि त्याच शॉकअपचा लगाम साधारण १२ टक्क्यांनी ढिला पडतो. म्हणजे प्रत्येक कोननंतर गाडी एक झोका जास्त घेणार. कडक स्प्रिंगला मागे खेचून धरणारा, म्हणजे रिबाउंड जास्त असलेला शॉकअप लागतो. बिलस्टीन, कोनी, केवायबी ही नावं लोक घेतात, पण तुझ्या मॉडेलच्या नंबरचा आणि तेवढ्या खाली घेतलेल्या उंचीला चालणारा मिळतोय का ते आधी बघ आणि मगच स्प्रिंग ठरव.

बजेट बेताचं आहे म्हणतोस म्हणून माझ्या मुलाला सांगितलं असतं तेच सांगतो. पहिले टायर, त्याच साइजचे पण चांगल्या ग्रिपचे. मग शॉकअप. मग अलाइनमेंट, ज्या गाडीत स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) दोन बोल्टने जोडलेले असतात तिथे कॅम्बर बोल्ट घालून पुढे दीड अंशाच्या आसपास निगेटिव्ह मिळवता येतो आणि हा एक बदल स्प्रिंगपेक्षा जास्त देतो. हवेचा प्रेशर दरवाजाच्या स्टिकरपेक्षा पुढे तीन-चार पीएसआय जास्त ठेवून सुरू कर, टायरच्या कडेला खडूची रेघ मार, एक रन काढ, रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते बघून हवा कमी-जास्त कर. त्यानंतर मागे थोडा कडक बार. अमेरिकेत एससीसीए या मोटरस्पोर्ट क्लबच्या स्ट्रीट वर्गात स्प्रिंग कंपनीचीच ठेवावी लागते, शॉकअप आणि एकच बार बदलायची मुभा असते, आणि तरी त्या वर्गात जबरदस्त वेगवान लोक आहेत. इथेही इव्हेंटच्या नियमपत्रात स्प्रिंग बदलल्यावर तुझा वर्ग बदलतो का ते वाच, नाहीतर पूर्ण तयार गाड्यांबरोबर उभा राहशील.

आणि रोजचा रस्ता. तुझ्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. ४० गेले, उरले १२३, चार माणसं बसली की अजून तीसेक मिमी जातात. नियमाप्रमाणे बांधलेला स्पीडब्रेकर १० सेंमी उंच असला तरी ३.७ मीटर रुंद असतो, तुझी चारही चाकं त्याच्यावरच असतात, त्यामुळे पोटाखाली तो साधारण साडेचार सेंमीच वर येतो, लागत नाही. पण सोसायट्यांनी स्वतः ओतलेले काँक्रीटचे अरुंद उंचवटे पूर्ण उंचीने पोटाला लागतात. तुझ्या घरापासून ऑफिसपर्यंत असे किती आहेत ते उद्या मोज. आणि कायदाही आहे, मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर जानेवारी २०१९ मधला सुप्रीम कोर्टाचा निकाल, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलता येत नाही असा. रोज रस्त्यावर आणायची गाडी आहे, त्यामुळे क्लेमच्या वेळी विमा कंपनी काय म्हणेल याचाही विचार करून ठेव.

प्रश्न : सर, मी नेरुळला राहते, पोलो टीएसआय आहे. सहा महिन्यांपूर्वी लोअरिंग स्प्रिंग बसवून घेतल्या, ३५ मिमीच्या. आता छोट्या खड्ड्यातसुद्धा पुढून ठक असा आवाज येतो, ऑटोक्रॉसला गाडी आधीपेक्षा जास्त सरळ जाते आणि पुढचे टायर आतल्या बाजूने झिजलेत. स्प्रिंग खराब निघाल्या का?

उत्तर : स्प्रिंग बहुतेक ठीक आहेत, बसवणं अर्धवट राहिलंय. ठक आवाज बंप स्टॉपचा असावा, आणि गाडी सरळ जाण्याचं कारणही तेच, वर लिहिलंय बघा. तपासायचं सोपं आहे, शॉकअपचं रबरी कव्हर वर सरकवून दांडीला एक केबल टाय घट्ट बांधा आणि खाली शॉकअपच्या नळीला टेकवून ठेवा, एक चक्कर मारून या, टाय जिथे जाऊन थांबला तिथपर्यंत शॉकअप दाबला गेला. टाय बंप स्टॉपपर्यंत पोचला असेल तर त्या उंचीसाठी आखूड बंप स्टॉप आणि आखूड शॉकअप लागतील, किंवा २०-२५ मिमीच्या स्प्रिंगवर परत या, मी असतो तर दुसरं केलं असतं. चाचणी पाम बीच रोडवर रात्री रिकामा मिळाला म्हणून जोरात पळवून करू नका हो, घराजवळच्या रोजच्या रस्त्यावरच्या दोन खड्ड्यांत कळतं ते.

टायर आतून झिजतात त्याचा दोष सगळे कॅम्बरला देतात पण जास्त खातो तो टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली दिसतात ते. गाडी खाली आली की टाय रॉडचा (स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांडीचा) कोन बदलतो, टो सरकतो, टायर रोज थोडा घासत चालतो. स्प्रिंग बसवल्यावर अलाइनमेंट केली होती का, आणि केली असेल तर लगेच त्याच दिवशी का? स्प्रिंग थोडी बसते, काही शे किलोमीटरनंतर परत करावी लागते. आणि छापलेला कागद मागून घ्या, आधीचे आकडे आणि नंतरचे, ‘झालं मॅडम’ यावर पैसे देऊ नका. अजून एक, लोअर आर्मच्या बुशचे (रबरी सांध्याचे) बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना आवळले असतील तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ते सैल करून गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळायला सांगा. उंची मोजाल तेव्हा जमिनीपासून नको, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारी बाजूंनी मोजा म्हणजे टायरच्या झिजेचा घोळ मध्ये येत नाही.

प्रश्न : भाऊ, आम्ही कळव्याला राहतो. मुलगा २२ वर्षांचा, गाड्यांचं वेड आहे. नवीन स्प्रिंगला पैसे नाहीत म्हणून त्याच्या मित्राच्या गॅरेजमध्ये आहे तीच स्प्रिंग एक वेटोळं कापून देणार आहेत, गॅसने. मला यातलं काही कळत नाही पण भीती वाटते. करू द्यावं का?

उत्तर : ताई, नका करू देऊ, तुमची भीती रास्त आहे. स्प्रिंगचं पोलाद ठरावीक पाणी देऊन तयार केलेलं असतं, गॅसची ज्योत लागली की तेवढ्या जागेचं पाणी उतरतं, तिथे ते मऊ पडतं नाहीतर ठिसूळ होतं, आणि मग एखाद्या खड्ड्यात तुटू शकतं. मुलाला कडक स्प्रिंग हवी म्हणून तो सहाची पाच वेटोळी करायला निघाला असेल तर त्याला सांगा की त्याने कडकपणा फक्त २० टक्के वाढतो. तेच कारखान्यात १२ मिमीच्या जागी १३ मिमी तारेची स्प्रिंग वळली तर जवळपास ३८ टक्के वाढतो आणि लांबीही बरोबर राहते, पैसे साठवून तीच घे म्हणावं.

कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. आणि लांबी कमी झाली की चाक खड्ड्यात खाली लटकलं की स्प्रिंग आत सैल होते, जागेवरून निसटते. आधीच कापून आणली असेल तर एक करा, गाडी जॅकवर घेऊन चाक पूर्ण लटकू द्या आणि कोणाला तरी स्प्रिंग हाताने हलवून बघायला सांगा, गाडीखाली कोणी जायचं नाही. हलली नाही तरी गॅस लागलेली स्प्रिंग ठेवायची नाहीच, पण हलली किंवा फिरली तर ती गाडी तिथेच उभी ठेवा, चालवत गॅरेजला नेऊ नका, जुन्या मापाच्या स्प्रिंग घरी मागवून तिथेच बदलून घ्या.